अल्मोड्याचा विसावा

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे मध्यम स्थितींतील प्रत्येक सुशिक्षित कुटुंबांत एक छोटीशी परिषद भरते. तशी ती आमच्याहि घरीं भरली. यंदा कोठें जावयाचें, या प्रश्नावर तीन पक्ष पडले. वयाची पंचाहत्तरी उलटण्यापूर्वीं बदरीनारायणाचें दर्शन घडावें, अशी आमच्या मातोश्रींची इच्छा होती. मुलांना थंड हवा, बर्फाचीं शिखरें आणि सकाळीं उशिरापर्यंत निजण्याची मुभा एवढेंच हवें होतें. सौभाग्यवतींचें म्हणणें असें कीं, वर्षभर जें करावें लागतें तें पंधरा दिवस करावें लागलें नाहीं म्हणजे झालें. मग जागा कोणतीहि असो. आम्हांस कोणीं मत विचारलें नाहीं. परंतु डॉक्टरांनीं मातोश्रींची प्रकृति तपासून दहा हजार फुटांवरील प्रवासास मनाई केली, तेव्हां तडजोड सुचविण्याचें काम आमच्याकडे आलें आणि आम्हीं अल्मोड्याचें नांव काढलें. हिमालय तर खराच. पण उंची साडेपांच हजार फुटांच्या आंत. जवळच जागेश्वराचें प्राचीन क्षेत्र, आणि नैनितालच्या मानानें गर्दी पुष्कळच कमी. ठराव एकमतानें संमत झाला.

त्या रात्रीं सामानाची यादी चालली असतां मातोश्री सहज म्हणाल्या, "अरे, माझी आजेसासू बदरीला निघाली तेव्हां गांवच्या वेशीपर्यंत सगळे तिला पोंचवायला गेले होते. लहानथोर सगळे पायां पडले. परत येईल असा कोणाचाच भरंवसा नव्हता. आली, तेव्हां केवढें मावंदें घातलें म्हणे!" हें ऐकून हातांतील परतीच्या तिकिटांकडे आमचें लक्ष गेलें. जाण्याच्या तिकिटांआधींच तीं काढून ठेविलेलीं होतीं.

महाराष्ट्रीय मनांत हिमालय शतकानुशतकें जो वसला तो या दुसऱ्या टोकास. पांडव तेथें गेले ते परतण्याकरितां नव्हेत. आमचे पूर्वज बदरी-केदारास जात ते देण्याघेण्याचा निकाल लावून, निरवानिरव करून. अहल्याबाई होळकरांनीं बदरी-केदाराकडे धर्मशाळा बांधविल्या, त्या थकल्या यात्रेकरूस एका रात्रीचा आसरा मिळावा म्हणून. कोणीं तेथें पंधरा दिवस पाय पसरून बसावें, ही कल्पनाच त्या काळीं नव्हती. मग ज्या पर्वतावर देह ठेवावयास जावयाचें त्याच पर्वतावर देहास आराम देण्यासाठीं जावयाचें, हा पालट केव्हां झाला व कोणीं केला? सुटींत हा प्रश्न मनांत शिरला आणि आमचा बराचसा विसावा त्यानें खाऊन टाकला. इतिहासाच्या शिक्षकास सुटी कशी ती नसते, असें मुलें म्हणतात तें अगदींच खोटें नाहीं.

काठगोदाम येथें रेल्वे संपते. लोहमार्ग येथवर १८८४ सालीं आला. त्यापूर्वीं डोंगराच्या पायथ्याचा प्रदेश ओलांडणें हाच सर्व प्रवासांतील कठीण भाग समजला जाई. या पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यास भाबर म्हणतात व त्याखालच्या पाणथळ पट्ट्यास तराई. दोन्ही पट्टे हिवतापाचे माहेर. कुमाऊंचे डोंगरी लोक हिवाळ्यांत गुरें घेऊन भाबरांत उतरत आणि उन्हाळा लागण्यापूर्वीं वर पळ काढीत; परक्यास तर तेथें एक रात्र काढणेंहि जिवावरचें वाटे. हवाच विषारी आहे, असा त्या काळचा समज होता, आणि हवा बदलण्यासाठीं गोरे लोक डोंगरावर चढूं लागले यास हा समज फार कारण झाला. येथें इतिहासानें एक चमत्कारिक गांठ मारून ठेविली आहे. १० मे १८५७ रोजीं मीरतेस उठाव झाला, त्यानंतर तिसऱ्या दिवशीं, १३ मे रोजीं, अल्मोड्यास एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरीं मूल जन्मलें. तेंच पुढें रोनाल्ड रॉस या नांवानें प्रसिद्धीस आलें. ऑगस्ट १८९७ मध्यें सिकंदराबादेस डासाच्या पोटांत हिवतापाचे जंतू त्यानेंच प्रथम पाहिले, आणि १९०२ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या रोगाच्या भयानें लोक डोंगरावर धांवत, तो हवेंतून येत नसून डासांतून येतो, हें सिद्ध करणारा मनुष्य डोंगरावरच जन्मावा, हा योगायोग खरा. पण मोठा बोलका. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत डासांचा बंदोबस्त झाला, तराईचें रान तोडून शेती झाली, आणि आज मोटारींत बसलेल्या प्रवाशास तो भयाण पट्टा केव्हां मागें पडला याचा पत्ताहि लागत नाहीं.

काठगोदामाहून सुमारें ९० किलोमीटर वळणें घेत गाडी वर चढली आणि तिसऱ्या प्रहरीं आम्ही अल्मोड्यास पोंचलों. हें गांव घोड्याच्या खोगिराप्रमाणें एका डोंगरधारेवर बसलेलें आहे. एका अंगास कोसी नदी, दुसऱ्या अंगास सुयाल. हिमालयांतील बहुतेक थंड हवेच्या गांवांचा इतिहास इंग्रजांपासून सुरू होतो. अल्मोड्याचें तसें नाहीं. कुमाऊंच्या चंद राजांनीं आपली राजधानी चंपावतीहून येथें हलविली ती सोळाव्या शतकांत, म्हणजे इकडे विजयानगरचें साम्राज्य मावळत होतें त्या सुमारास. म्हणून येथें भेटते ती बाजारपेठ; साहेबाच्या बंगल्यांची ओळ नव्हे. दगडी फरसबंदीचा अरुंद रस्ता, दुतर्फा कोरीव लांकडाच्या दर्शनी भागांचीं जुनीं घरें, कांहीं घरांवर अद्यापि पातळ दगडी पाट्यांचें छप्पर. तांबट आळींत टामटा कारागिरांच्या हातोड्यांचा ठणठणाट अजून ऐकूं येतो. आमच्या सौभाग्यवतींनीं तेथें एक तांब्याची गागर घेतली. ती परतीच्या प्रवासांत कोठें ठेवावयाची हा प्रश्न त्या क्षणीं त्यांना सुचला नाहीं व आम्हांस सुचला तरी बोलण्याचें धैर्य झालें नाहीं. मुलांनीं खव्याच्या तपकिरी वड्यांवर साखरेचे पांढरे दाणे लाविलेली येथली बालमिठाई पहिल्याच दिवशीं शोधून काढिली. जुन्या पेठेच्या भोंवतीं आतां सिमेंटच्या चार-चार मजली इमारतींची दाटी झाली आहे, हें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु पहांटे कसारदेवीच्या टेकडीवर उभें राहिलें म्हणजे त्रिशूळ, नंदादेवी आणि पंचचूली हीं हिमशिखरें सर्व दाटीची भरपाई करितात. नंदादेवी ७,८१६ मीटर उंच आहे. मातोश्रींनीं तिला हात जोडले. मुलांनीं तिचें छायाचित्र घेतलें. एकाच शिखरास एकाच क्षणीं झालेले हे दोन नमस्कार पाहून आमच्या प्रश्नानें पुनः डोकें वर काढिलें.

१७९० सालीं नेपाळच्या गुरख्यांनीं चंदांचें राज्य बुडवून अल्मोडा घेतला. पंचवीस वर्षांचा त्यांचा अंमल फार कडक होता; 'गोरख्याणी' हा शब्द कुमाऊंत अद्यापि जुलमाचा प्रतिशब्द म्हणून वापरतात. १८१५ च्या एप्रिलांत इंग्रजांनीं गुरख्यांचा पराभव करून अल्मोडा हस्तगत केला. सुगौलीच्या तहानें हा सारा डोंगरी मुलूख कायमचा त्यांच्याकडे आला. या तहापूर्वीं हिंदुस्थानांत इंग्रजांचें थंड हवेचें गांव असें नव्हतेंच म्हटलें तरी चालेल. त्यानंतर मात्र रीघ लागली. सिमल्यास पहिलें लांकडी घर १८१९ सालीं उभें राहिलें. १८२० नंतरच्या दहा वर्षांत मसुरी वसली. १८३५ सालीं सिक्कीमच्या राजाकडून दार्जिलिंग मिळविलें. आपल्या इकडे सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून माल्कमनें महाबळेश्वरची जागा १८२९ सालीं मिळविली आणि तेथें माल्कमपेठ वसविली. कृष्णेच्या उगमाचें क्षेत्र तेथें आधींपासून होतेंच. यात्रेकरूंचें महाबळेश्वर एकीकडे आणि हवा खाणारांचें महाबळेश्वर दुसरीकडे, मध्यें थोडेंसें अंतर, ही आपल्याकडची रचना ज्यानें पाहिली आहे त्यास हिमालयांत काय घडलें तें निराळें सांगावयास नको.

तरी एक उदाहरण दिल्यावांचून राहवत नाहीं. नैनितालचें सरोवर डोंगरी लोकांस पवित्र. त्याच्या कांठीं नयनादेवीचें स्थान. १८४१ सालीं शहाजहानपूरचा बॅरन नांवाचा एक साखरेचा व्यापारी तेथें जाऊन पोंचला आणि त्यानें त्या जागेची कीर्ति वृत्तपत्रांतून गाजविली. ती लिहितांना त्यानें जें टोपणनांव घेतलें त्याचा अर्थ 'यात्रेकरू' असा होतो! सरोवर व भोंवतालची जमीन आपली आहे असें नरसिंह नांवाचा तेथील जमीनदार सांगत होता. बॅरननें त्यास होडींत बसवून सरोवराच्या मध्यभागीं नेलें. पोहतां न येणाऱ्या त्या बिचाऱ्यापुढें वही व पेन्सिल ठेविली आणि हक्क सोडल्याचें लिहून दे, म्हणून सांगितलें. त्यानें लिहून दिलें. ही हकीकत शत्रूनें रचलेली नाहीं. बॅरननेंच ती मोठ्या खुशींत सांगितलेली आहे. पुढें तेथें बंगले, हॉटेलें, सभागृहें उठलीं. १८ सप्टेंबर १८८० रोजीं पावसानें डोंगराचा कडा कोसळला आणि १५१ माणसें गाडलीं गेलीं. देवीचें जुनें देऊळहि त्यांतच गेलें. देवीचा कोप म्हणणारे तसें म्हणोत. डोंगराच्या अंगावर त्याला पेलवेल त्याहून अधिक बांधूं नये, एवढा अर्थ तर त्यांतून निघतोच, आणि आजच्या पहाडी गांवांस तो पुनः वाचून दाखविण्याजोगा आहे.

जागा अशी मिळाली. पण नुसत्या जागेनें विसावा होत नाहीं. साहेब, मडम, मुलें, पेटारे, तंबू, खाद्यपेयें, हें सारें पांच-सात हजार फूट वर न्यावयाचें, आणि रस्ते तर पाऊलवाटांचे. हें ओझें वर कोणीं नेलें?

येथें आम्हांस आमचा एक अपराध कबूल केला पाहिजे. पंचवीसांहून अधिक वर्षें आम्ही महाविद्यालयांत हिंदुस्थानचा अर्वाचीन इतिहास शिकवीत आलों. कुमाऊंचा कमिशनर हेन्री रॅमसे यानें १८५६ पासून १८८४ पर्यंत त्या प्रांताचा कारभार कसा एकहातीं केला, रस्ते, पूल व डाकबंगले कसे बांधविले, प्रजा त्यास प्रेमानें 'रामजीसाहेब' कशी म्हणे, हें आम्हीं वर्गांत कैक वेळां सांगितलें आहे. त्यांत असत्य कांहीं नाहीं. परंतु 'बांधविले' या प्रयोजक क्रियापदाच्या पोटांत कोण दडलें आहे, हा प्रश्न आम्हीं विद्यार्थ्यांस कधीं विचारला नाहीं व विद्यार्थ्यांनीं आम्हांस विचारला नाहीं. तो विचारला आमच्या कन्येनें. मुक्कामीं नेलेलें ॲटकिन्सनचें जुनें त्रिखंडी गॅझेटिअर आम्ही व्हरांड्यांत चाळीत बसलों असतां ती म्हणाली, "बाबा, हे साहेब सामान घेऊन वर यायचे, तर हमालांना मजुरी काय देत?"

खरें उत्तर असें कीं, पुष्कळदां कांहींच देत नसत, आणि ते हमाल नव्हतेच, शेतकरी होते. कुमाऊंत या प्रघाताचे तीन प्रकार होते. सरकारी अधिकारी, पलटण, मोजणीदार, शिकारी किंवा प्रवासी गांवावरून जाऊं लागला म्हणजे त्याचें ओझें पुढच्या पडावापर्यंत पोंचविणें हा 'कुली-उतार'. याबद्दल कांहीं नाममात्र मजुरी ठरलेली असे व तीहि सर्वांच्या पदरीं पडत नसे. 'कुली-बेगार' म्हणजे उघड फुकट काम. आणि 'कुली-बर्दायश' म्हणजे साहेबाच्या मुक्कामास दूध, लांकूडफांटा, गवत, धान्य इत्यादि पुरविणें. हा भार जमिनीच्या सारापट्टीशीं बांधलेला होता. ज्याच्या नांवावर जमिनीचा तुकडा, त्याचें नांव गांवच्या मुखियाकडील नोंदवहींत, आणि पाळी आली कीं पेरणी असो वा कापणी, घरीं आजारी असो वा सुतक, त्यानें निघालेंच पाहिजे. जातीचा मान येथें चालत नसे. ब्राह्मण व रजपूत शेतकऱ्यांसहि साहेबाचे पेटारेच काय, शौचपात्रेंहि पाठीवर घ्यावीं लागत. बेगार इंग्रजांनीं नव्यानें निर्माण केली असें नाहीं. ती चंदांच्या वेळीं होती, गुरख्यांच्या वेळीं अधिक होती. इंग्रजांनीं तिला नोंदवही दिली. जुलूम तोच; पण आतां त्यास क्रमांक, तारीख व पाळी मिळाली, आणि ज्यांस केवळ मौज म्हणून प्रवास करावयाचा अशा लोकांची संख्या वर्षानुवर्ष वाढत गेल्यानें ती पाळी वारंवार येऊं लागली. एकाचा विसावा वाढला तसतशी दुसऱ्याची शेती पडीत राहूं लागली, इतका हा हिशेब सरळ आहे.

या प्रघाताविरुद्ध अर्ज-विनंत्या पुष्कळ झाल्या. १९१६ सालीं कुमाऊं परिषद स्थापन झाली. तिच्या कार्यकर्त्यांत गोविंद वल्लभ पंत होते. अल्मोड्याजवळच्या खूंट गांवीं १८८७ सालीं जन्मलेले हे गृहस्थ पुढें संयुक्त प्रांताचे मुख्य मंत्री व स्वतंत्र भारताचे गृहमंत्री झाले, हें वाचकांस ठाऊकच आहे. परंतु कुमाऊंतील पंत घराण्यांची परंपरा आपले मूळपुरुष कोंकणांतून आल्याचें सांगते, हें कित्येकांस नवीन वाटेल. १९१८ च्या विजयादशमीस अल्मोड्याहून 'शक्ति' हें साप्ताहिक निघूं लागलें व त्याच्या संपादकपदावरून बद्रीदत्त पांडे यांनीं बेगारीवर झोड उठविली. याच पांडे यांनीं पुढें कुमाऊंचा इतिहास लिहिला. स्वतः इतिहास घडवून मग तो लिहावयास बसणारे लोक थोडे. आमच्यासारखे, जे केवळ दुसऱ्यांनीं लिहिलेला शिकवितात, त्यांनीं अशांस दुरूनच नमस्कार करावा.

जानेवारी १९२१ मध्यें, मकरसंक्रांतीस, बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेंत या प्रकरणाचा शेवट झाला. बागेश्वर अल्मोड्याहून सुमारें ७५ किलोमीटर. तेथें शरयू व गोमती यांचा संगम आहे व संगमावर बागनाथाचें देऊळ. दूरदूरच्या पट्ट्यांतून हजारों लोक जत्रेस आले होते. बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत, चिरंजीलाल आदि मंडळींनीं सभा भरविली. जिल्ह्याचा इंग्रज अधिकारी पोलीस घेऊन जातीनें हजर होता. परंतु जमावापुढें त्याचें बळ अपुरें होतें. लोकांनीं शरयूचें पाणी हातांत घेऊन, बेगार देणार नाहीं, अशी शपथ घेतली, आणि गांवोगांवच्या मुखियांनीं बरोबर आणलेल्या त्या नोंदवह्या संगमाच्या प्रवाहांत फेंकून दिल्या. गोळी सुटली नाहीं, रक्त सांडलें नाहीं. पिढ्यान् पिढ्यांचा प्रघात त्या दिवशीं पाण्यांत गेला, आणि त्यानंतर सरकारास तो पुनः उभा करतां आला नाहीं.

या घटनेचें स्वरूप आम्हांस अत्यंत अर्थपूर्ण वाटतें. संक्रांत, जत्रा, संगम, देऊळ, हातांत पाणी घेऊन केलेला संकल्प, हीं सारीं अंगें यात्रेचीं आहेत. डोंगर हवा खाण्याची जागा झाल्यापासून जें ओझें डोंगरी माणसाच्या पाठीवर चढलें, तें त्यानें उतरविलें तें यात्रेंत. आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आम्हांस येथें मिळालें. यात्रेकरू आणि हवा खाणारा यांतील भेद श्रद्धा आणि चैन यांचा नाहीं. यात्रेकरूंतहि चैनी असतात, आणि श्रीमंत यात्रेकरू दुसऱ्याच्या खांद्यावर बसून, दांडींतून, जातच असत. परंतु यात्रेचा नियमच असा कीं, वाटेचे कष्ट हे पुण्याचा भाग. ते दुसऱ्यावर ढकलले तर तेवढें पुण्य कमी झालें, असें ढकलणाऱ्यालाहि मनांतून वाटतें. हवा खाण्यास जाणाराच्या हिशेबांत कष्टांना जागाच नाहीं. ते झाले तर कोणाच्या तरी चुकीनें झाले. आणि म्हणून ते जो उचलतो तो दिसेनासा होतो.

अल्मोड्याहून कांहीं मैलांवर चितई येथें गोलू देवाचें देऊळ आहे. गोलू हा न्यायाचा देव. देवळाच्या कमानींवर, भिंतींवर हजारों घंटा टांगलेल्या, आणि त्यांच्या मधून दोरीस बांधलेले अर्ज. कित्येक तर चक्क मुद्रांकित कागदावर! जमिनीचा तंटा, सासरचा छळ, अडलेली नोकरी, परीक्षेचा निकाल. माणसांच्या कचेरींत दाद लागली नाहीं म्हणजे लोक या कचेरींत येतात, आणि काम झालें म्हणजे घंटा बांधतात. मुलांस प्रथम हंसूं आलें. मग चिरंजीव एका अर्जापुढें थांबले आणि हंसावयाचें विसरले. त्यांत कोणा आईनें, दूर शहरीं कामास गेलेला मुलगा तीन वर्षांत आला नाहीं, त्यास घरची आठवण दे, एवढेंच मागितलें होतें. दुसऱ्याचें पत्र वाचूं नये, हा शिष्टाचार आम्हीं त्यास लगेच सांगितला. पण तें वाक्य आम्हींहि वाचलें होतें. २००० सालीं उत्तराखंडाचें निराळें राज्य झालें. तरी पहाडांतील तरुणांचें खालीं उतरणें थांबलेलें नाहीं, आणि कुलुपें लागलेलीं घरें गांवोगांव दिसतात.

आणि आज ओझें कोण वाहतो? पेठेच्या अरुंद फरसबंदींत गाडी शिरत नाहीं, तेव्हां पहिल्या दिवशीं आमचें सामान एका माणसानें कपाळाला पट्टा लावून पाठीवर नेलें होतें. तो नेपाळच्या पश्चिम भागांतला, डोटीकडचा. येथले बहुतेक हमाल तिकडचेच. ज्या गुरखाली राज्यानें पंचवीस वर्षें कुमाऊंवर अंमल गाजविला, त्याच मुलखाच्या माणसांनीं आज कुमाऊंत ओझीं वाहावीं, यास कोणी काळाचा सूड म्हणेल. आम्हांस तें म्हणवत नाहीं; राज्य ज्यांनीं केलें ते हे नव्हेत. डोटीच्या शेतकऱ्यानें तेव्हांहि कोणाचें तरी ओझेंच वाहिलें असावें. फरक इतकाच, आणि तो लहान नाहीं, कीं आतां तो मजुरी ठरवितो; नको असेल त्या दिवशीं येत नाहीं. आम्हीं त्यास विचारलें, "घरीं केव्हां जातां?" तो म्हणाला, "भात लावायच्या वेळीं. महिनाभर विसावा मिळतो." गुडघाभर चिखलांत वांकून रोपें लावण्याच्या कामास विसावा म्हणणाऱ्या माणसापुढें आम्हीं आपल्या पंधरा दिवसांची गोष्ट काढली नाहीं.

दुसऱ्या आठवड्यांत मातोश्रींस घेऊन जागेश्वरास गेलों. देवदारांच्या घनदाट रानांत, एका लहानशा ओढ्याच्या कांठीं, शंभरांहून अधिक लहानमोठीं दगडी देवळें एकमेकांस खेटून उभीं आहेत. त्यांतील जुनीं सातव्या-आठव्या शतकांतलीं. येथील पुजारी या स्थानास बारा ज्योतिर्लिंगांपैकीं नागेश मानतात. स्तोत्रांत नागेशाचें ठिकाण दारुकावन सांगितलें आहे, आणि दारुका म्हणजे देवदार, असा त्यांचा कोटिक्रम. आपल्याकडे औंढ्या नागनाथास तो मान आहे. सौराष्ट्रांत द्वारकेजवळच्या नागेश्वरास. आम्हीं तिन्ही पक्षांचीं प्रमाणें मातोश्रींपुढें मांडण्यास आरंभ केला. त्यांनीं दोन-तीन मिनिटें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "औंढ्याला मी गेलें आहे. येथेंहि आलें. त्याला राहायला दोन-तीन घरें असलीं तर आपलें काय गेलें?" मग त्या ओढ्यांत पाय सोडून बराच वेळ स्वस्थ बसल्या. बदरीनारायणाचें नांव त्यांनीं पुनः काढिलें नाहीं.

निघण्याच्या आदल्या सायंकाळीं आम्ही करबला नांवाच्या भागाकडे फिरावयास गेलों. १८९० सालीं, जगास नांव ठाऊक नसलेले तरुण संन्यासी विवेकानंद, काकडीघाटाहून चढ चढून येतांना येथें भुकेनें व थकव्यानें कोसळले होते. समोरच्या मुसलमानी कबरस्तानाच्या राखणदार फकिरानें त्यांस काकडी खावयास दिली व त्यांचा जीव वांचविला. सात वर्षांनीं तेच स्वामी पाश्चात्य देशांत कीर्ति मिळवून परतले व अल्मोडेकरांनीं त्यांची मिरवणूक काढिली, तेव्हां त्या गर्दींत त्यांनीं त्या फकिरास ओळखिलें, असें सांगतात. त्या जागीं आज एक विश्रामस्थान बांधलेलें आहे. १९२९ सालीं गांधीजी याच पहाडांत, कौसानीस, विश्रांतीसाठीं राहिले आणि गीतेच्या आपल्या अनुवादाची, 'अनासक्तियोगा'ची, प्रस्तावना त्यांनीं तेथें पुरी केली. तेव्हां हिमालयांत विसावा घेण्याची चाल केवळ साहेबानें आणिली, असें म्हणून आम्हांस मोकळें होतां येत नाहीं. विसावा माणसास लागतोच. ज्याचे हात तो देतात त्यांची ओळख ठेविली म्हणजे तो विसावा. विसरलों म्हणजे ती बेगार, मग मजुरी कितीहि चुकती केलेली असो.

हें तात्पर्य रात्रीं टांचून ठेवून आम्ही समाधानानें निजलों. सकाळीं तोच डोटीचा माणूस सामान न्यावयास आला. त्यानें आमची मोठी पेटी उचलून पाहिली व नुसता हंसला. मातोश्री जवळ उभ्या होत्या. "एवढी जड कशानें झाली?" म्हणून त्यांनीं पेटी उघडविली. वर तांब्याची गागर, तिच्यांत मिठाईचीं खोकीं. खालीं ॲटकिन्सनचे तीन खंड व कुमाऊंवरचीं आम्हीं पेठेंत घेतलेलीं आणखी सात-आठ पुस्तकें.

"हीं कोणीं वाचायचीं?" त्यांनीं विचारलें.

"आम्हीं."

"मग तीं तूं घे."

नोंदवही नव्हती, पाळी नव्हती, दाद मागण्यास चितईचा देव दूर राहिला. फरसबंदीच्या चढावर तें गांठोडें खांद्यावर घेऊन गाड्यांच्या अड्ड्यापर्यंत जातांना आम्ही तीनदां थांबलों. आमच्याहून दुप्पट ओझें घेतलेला तो गृहस्थ प्रत्येक वेळीं पुढें जाऊन आमची वाट पाहत उभा राही.

घरीं आल्यावर आठ दिवसांनीं मातोश्रींनीं मावंदें घातलें. बदरी झाली नाहीं, काशी झाली नाहीं, मग मावंदें कसलें, असें शेजाऱ्यांनीं विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "हा ओझें घेऊन चालला, म्हणजे यात्राच झाली."